बार्शी टाऊन : शेवटचे स्थानक ते वाटेवरचे स्थानक

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग 1860 च्या सुमारास या भागातून गेला, तेव्हा त्याने बार्शीला बगल दिली. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची नावाजलेली पेठ होती. निजामाच्या मुलखातला कापूस, जवस, करडई आणि तूर घाट उतरून येथे येत असे, आणि किनाऱ्याकडचे मीठ, कापड व किराणा येथूनच वर जात असे. तरीही रूळ पस्तीसेक किलोमीटर पश्चिमेला, कुर्डुवाडीवरून टाकले गेले आणि तेथल्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव देऊन बार्शीची समजूत काढण्यात आली. पुढची सुमारे सदतीस वर्षे बार्शीचा माल बैलगाड्यांनी त्या स्थानकापर्यंत जात राहिला. हंगामात गाड्यांच्या रांगा लागत आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की कापसाचे डोकडे वाटेतच भिजत. पेठ एकीकडे आणि रेल्वे दुसरीकडे अशा या अवस्थेतूनच बार्शीच्या छोट्या रेल्वेची कल्पना पुढे आली.

ज्याने ती मनावर घेतली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता होता. 1882 मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत इंजिनांच्या विभागात नोकरीला लागला. मोठ्या मार्गापासून दूर राहिलेल्या गावांना मोठ्या मापाची रेल्वे कधीच परवडणार नाही, पण रेल्वेच नको असेही म्हणता येणार नाही, हे त्याच्या लवकरच लक्षात आले. बार्शी रोड ते बार्शी हा एकवीस-बावीस मैलांचा टप्पा त्याने आपल्या कल्पनेच्या परीक्षेसाठी निवडला. सरकारशी पत्रव्यवहार आणि मंजुरीची खटपट यांत बरीच वर्षे गेली. अखेर 1895 मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी इंग्लंडमध्ये स्थापन झाली आणि 1897 च्या मार्चमध्ये पहिली गाडी बार्शी टाऊन स्थानकात आली. ‘टाऊन’ हे शेपूट आजही त्या नावाला चिकटलेले आहे. बार्शी रोडची कुर्डुवाडी होऊन कितीतरी काळ लोटला, तरी बार्शीचे स्थानक काही ‘टाऊन’ सोडायला तयार नाही.

या मार्गाचे तांत्रिक वैशिष्ट्य थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लहान मापाची गाडी एवढ्यावर बार्शी लाईटची बोळवण करणे अन्यायाचे होईल. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर होते. मोठ्या मार्गाचे तेच माप 1676 मिलिमीटर आहे. अरुंद मार्ग त्याआधीही जगात होते, पण त्यांपैकी बऱ्याच मार्गांवर इंजिन जड आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, हलक्या असत. रूळ इंजिनाच्या वजनाला पुरतील इतके भक्कम टाकावे लागत आणि वाघिणी मात्र त्या भक्कमपणाचा निम्मासुद्धा उपयोग करीत नसत. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे की रूळ ज्या भाराला पुरतो, तो भार गाडीच्या प्रत्येक आसावर सारखा पडला पाहिजे, मग तो आस इंजिनाचा असो वा वाघिणीचा. त्याने ही मर्यादा आसामागे पाच टन धरली. त्यामुळे यार्डाला अवघे 30 पौंड वजनाचे रूळ पुरले. आज मोठ्या मार्गांवर मीटरला 60 किलोचे रूळ वापरतात. त्या हिशेबाने बार्शीचा रूळ त्यांच्या साधारण चौथ्या हिश्शाचा होता.

एवढ्या हलक्या रुळावर ओढण्याची ताकद आणायची, तर इंजिनाचे वजन पुष्कळ चाकांवर वाटावे लागते. लीड्सच्या किटसन कारखान्याने या मार्गासाठी केलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि त्यांच्यामागे आणखी चार लहान चाके होती. वाघिणी दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर, दोन्ही टोकांना बोगी, म्हणजे वळणारा चाकांचा गाडा, लावून बांधल्या होत्या. त्या स्वतः हलक्या असूनही भरपूर माल घेत. हे सगळे सामान भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्याची चाचणी घेण्यात आली आणि ती पाहायला रेल्वेतले तसेच लष्करातले जाणकार जमले होते. पुढे हाच कॅलथ्रॉप इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या 1904 च्या छोट्या मार्गाचा अभियंता झाला. तेथेही त्याने अडीच फुटांचे माप ठेवले आणि बार्शीचा अनुभव वापरला. तो मार्ग 1934 मध्ये बंद पडला आणि आज त्या जागी चालण्याची पायवाट आहे. नंतर त्याने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूटही बनवले. बार्शीच्या भुईमुगाच्या पोत्यांपासून विमानातून उडी मारणाऱ्या माणसापर्यंत एकाच माणसाचे डोके चालले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मार्ग सुरू झाला ते साल मात्र वाईट होते. 1896–97 च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता आणि मुंबई इलाख्यात प्लेगची साथ होती. ज्या रेल्वेची उभारणी धान्य आणि कापूस बाहेर नेण्यासाठी झाली, तिच्या उद्घाटनाच्या हंगामात शेतात नेण्यासारखे फारसे काही पिकलेले नव्हते. पाऊसपाणी बरे झाल्यावर परिस्थिती बदलली आणि 1897 ते 1906 ही वर्षे बार्शीच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. या काळात बार्शी टाऊन हे मार्गाचे शेवटचे स्थानक होते.

शेवटचे स्थानक असणे म्हणजे काय, हे बाजारपेठेच्या हिशेबात पाहिले पाहिजे. रूळ जेथे संपतात, तेथे पलीकडच्या सगळ्या मुलखाच्या गाड्या येऊन थांबतात. बालाघाटावरच्या कळंब, येडशी, मुरूड, लातूर या सगळ्या बाजूंच्या बैलगाड्यांना बार्शीशिवाय गत्यंतर नव्हते. गाडीवान रात्री मुक्काम करी, बैलांना वैरण लागे, माल अडत्याकडे उतरे, भाव ठरे, हुंड्या लिहिल्या जात आणि परतीच्या गाडीत मीठ, गूळ, लोखंडी सामान आणि कापड भरले जाई. निजामाच्या हद्दीत नाणे वेगळे, हाली रुपया, आणि जकातीला तिकडे करोडगिरी म्हणत. दोन राज्यांच्या सीमेवरचे गाव, त्यात इंग्रजी मुलखातले आणि त्यातही रेल्वेचे टोक! बार्शीच्या अडत व्यापाराला याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसे “स्टेशनवर गाड्या लागल्यात” असे म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात बैलगाड्या असत, आगगाड्या नव्हेत.

1906 मध्ये मार्ग बार्शीच्या पुढे तडवळ्यापर्यंत गेला आणि त्याच वर्षी कुर्डुवाडीहून दुसरा फाटा पंढरपूरला पोहोचला. 1911 मध्ये तडवळ्याहून तो लातूरला नेण्यात आला. कंपनीच्या दृष्टीने हा विस्तार साहजिक होता, कारण लांब अंतराच्या मालावर भाडे जास्त मिळते. बार्शीसाठी मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. आता लातूरच्या आसपासच्या शेतकऱ्याला चार-पाच मजलांचा घाट उतरून येण्याचे कारण उरले नाही. त्याची गाडी लातूरलाच थांबू लागली. लातूरची प्रसिद्ध गंजगोलाई 1917 मधली, म्हणजे रेल्वे पोहोचल्यानंतर अवघ्या सहा वर्षांतली आहे, आणि मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. वर्तुळाकार पेठ आखावी इतका माल एका गावात येईल, असा विश्वास निजामाच्या अधिकाऱ्यांना वाटला, त्यामागे ती अरुंद आगगाडीही होतीच. आज लातूरच्या बाजार समितीचे नाव तूर आणि सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर घेतले जाते. बार्शीची पेठ संपली नाही, तिची डाळ आणि ज्वारी अजूनही नावाजलेली आहे, पण घाटावरच्या मालावरचा तिचा जुना हक्क सुटला. ज्या रेल्वेच्या नावात बार्शी आहे, तिनेच लातूर घडवायला हातभार लावला आणि बार्शीचा वाटा थोडा कमी केला, असे माझे मत आहे. बार्शीकरांना ते आवडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

बार्शीने त्यानंतर कारखानदारीत आपला आधार शोधला. लोकमान्य आणि जयशंकर या कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर गावाचे घड्याळ चालू लागले. गिरण्यांना लागणारा कोळसा, यंत्रांचे सुटे भाग आणि बाहेर जाणारे कापड या सगळ्यांसाठी स्थानकातला मालधक्का होताच.

पंढरपूरच्या फाट्याने या मार्गाला प्रवाशांचा वेगळाच ओघ मिळवून दिला. आषाढी आणि कार्तिकी या दोन वाऱ्यांना मराठवाड्याकडून येणारे वारकरी बार्शीवरून कुर्डुवाडीला जात आणि तेथे पंढरपूरची गाडी धरत. डबे अपुरे पडत तेव्हा मालाच्या वाघिणींतही माणसे बसवली जात आणि टपांवरची गर्दी तर या गाडीच्या बहुतेक आठवणींत येतेच. या वाहतुकीत बार्शीचा स्वतःचा एक दिवस असे. बार्शीचे ग्रामदैवत भगवंत म्हणजे विष्णू. अंबरीष राजासाठी तो येथे आला अशी कथा आहे, आणि एकादशी पंढरपूरला केली की द्वादशी बार्शीला करायची, अशी रीत आहे. त्यामुळे एकादशीला पंढरपूरकडे धावणारी गाडी द्वादशीला उलट दिशेने भरून येई. आजीच्या पिढीतल्या बायका द्वादशीच्या पारण्याची वेळ गाडीच्या वेळेवरून सांगत. गाडीला उशीर झाला तर उपास लांबे आणि त्याबद्दल भगवंताऐवजी इंजिनाला चार शब्द ऐकून घ्यावे लागत.

1927 मध्ये पंढरपूरचा फाटा मिरजेपर्यंत गेला आणि लातूर ते मिरज असा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा अडीच फुटी मार्ग पूर्ण झाला. त्याच वर्षी कॅलथ्रॉपचा मृत्यू झाला. एकवीस मैलांपासून सुरू झालेली ही कंपनी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे खासगीच राहिली. 1 जानेवारी 1954 रोजी ती सरकारने ताब्यात घेतली आणि मध्य रेल्वेत सामील केली. त्याआधीचा 1947–48 चा काळ या स्थानकाने सीमेवरच्या गावात राहून पाहिला. हैदराबाद संस्थान भारतात आलेले नव्हते, रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कुटुंबे सामानाची बोचकी घेऊन बार्शीत उतरत होती आणि गावाच्या परिसरात मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची शिबिरे चालत होती. पांगरी इंग्रजी मुलखातले आणि येडशी निजामाच्या. गाडी दोन्हींकडे जाई, पण तिच्यात बसणाऱ्याला आपण कोणत्या राज्यात उतरणार आहोत, याचे भान ठेवावे लागे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही, त्यांच्यासाठी ती आतून कशी होती, हे सांगायला हवे. डबा इतका अरुंद की समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत आणि मधून डालगे घेऊन जाणाऱ्या बाईला वाट देण्यासाठी सगळ्यांना पाय बाकावर घ्यावे लागत. खिडकीला आडव्या सळया, लाकडी पट्ट्यांचे बाक, छताला एकच मंद दिवा. तिकीट जाड पुठ्ठ्याचे, बोटाएवढे. ते खिडकीतल्या यंत्रात घालून मास्तर खटकन दाबत आणि त्याच्या कडेला तारीख खोल उमटे. बोट फिरवले तरी ती कळत असे. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून गाडी येत नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे सोडत नसत. त्या परवानगीचा कागद वेताच्या मोठ्या कडीत अडकवून पॉइंट्समन फलाटाच्या टोकाला हात उंच करून उभा राही आणि चालकाचा सहायक चालत्या गाडीतून खांदा बाहेर काढून ती कडी दंडात झेलून घेई. येथे मी तासन्‌तास उभा राहिलो असेन. अभ्यासाच्या नावाने घराबाहेर पडण्याचे ते एक चांगले कारण होते.

वेग बेताचा होता. कुर्डुवाडी ते बार्शी हे अंतर कापायला दीड-दोन तास सहज लागत. येडशीच्या पुढेमागे रामलिंगाच्या डोंगरात चढ लागला की गाडी आणखी मंदावे. पावसाळ्यात तेथली झाडी दोन्ही बाजूंनी डब्याला घासत असे. चढावर पोरे उतरून पळत आणि पुन्हा चढत, ही आठवण या मार्गावरचा प्रत्येक जण सांगतो, स्वतः कधी उतरलेला नसला तरीही.

या आठवणी गोड असल्या तरी मार्गाचे अर्थकारण त्यांच्यावर चालत नव्हते, आणि ते बिघडले ते कुर्डुवाडीत. अडीच फुटी वाघीण मोठ्या मार्गावर जाऊ शकत नाही. त्यामुळे मुंबईला जाणारे प्रत्येक पोते कुर्डुवाडीला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावे लागे. दोन मार्ग शेजारी, मध्ये धक्का, त्यावर फळ्या टाकलेल्या आणि हमालांची टोळी पाठीवर पोते घेऊन सारखी येजा करणारी. हुकाचे टोक पोत्यात घुसले की तूर सांडे. ती झाडून गोळा करणाऱ्या बायका धक्क्याखाली बसलेल्या असत. मजुरी, नासधूस, चोरी आणि मोठ्या वाघिणीची वाट पाहण्यात गेलेले दिवस हे सगळे व्यापाऱ्याच्या खर्चात पडे. बैलगाडीशी तुलना होती तोवर रेल्वे स्वस्तच होती. मालमोटारीने जेव्हा बार्शीच्या अडतीच्या दारातून थेट मुंबईच्या मशीद बंदरापर्यंत माल नेण्यास सुरुवात केली, तेव्हा हे गणित उलटले. रस्ते सुधारत गेले तसा माल रेल्वेपासून सुटत गेला आणि शेवटच्या काळात ही गाडी मुख्यतः प्रवाशांची, त्यातही कमी भाड्यात जाणाऱ्यांची राहिली. विद्यार्थी, बाजारकरी, दूधवाले आणि दवाखान्यात येणारी माणसे यांची ती गाडी होती. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभ्या केलेल्या शाळा-महाविद्यालयांत खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या एका पिढीला या गाडीचा पास हाच आधार होता.

गेज परिवर्तनाचे काम टप्प्याटप्प्याने आणि सावकाश झाले. कुर्डुवाडी–पंढरपूर आधी झाले. 2007 मध्ये लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि 2008 च्या ऑक्टोबरमध्ये धाराशिव ते कुर्डुवाडी हा टप्पा ब्रॉडगेज झाला. पंढरपूर–मिरज 2011 मध्ये पूर्ण झाले. या कामात एक मोठा बदल झाला. जुना अरुंद मार्ग पांगरीहून येडशीला जाई आणि जिल्ह्याचे मुख्य गाव असूनही धाराशिवला शिवत नसे; तेथल्या लोकांना गाडीसाठी येडशी गाठावी लागे. नवा मार्ग वळवून धाराशिववरून नेण्यात आला. शिवाय लातूरचे टोकही मोकळे झाले. पूर्वी तेथे रूळ संपत, आता ते लातूर रोडला जोडले गेले आणि तेथून परळी, नांदेड, बिदर, हैदराबाद अशा दिशा उघडल्या. कधी काळी फाट्यावरचे टोक असलेले बार्शी आता पश्चिम महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यामधल्या सलग मार्गावरचे एक स्थानक झाले आहे. अलीकडे या मार्गावर विजेच्या ताराही आल्या.

आजच्या सेवांत सर्वांत महत्त्वाची आहे ती लातूर–मुंबई एक्सप्रेस. रात्री मुंबई सोडून पहाटे बार्शी आणि परतीच्या दिशेने मध्यरात्रीच्या सुमारास बार्शी सोडून सकाळी मुंबई, अशी तिची वेळ आहे. ही गाडी 2017 मध्ये आठवड्यातून काही दिवस बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातुरात मोठे आंदोलन झाले. आरक्षणाचा कोटा वाटला जाणार, ही तेथल्या लोकांची तक्रार होती. मार्गाचे टोक पुढे सरकले की आधीच्या टोकाचे काय होते, याचा अनुभव एकशे सहा वर्षांनी लातूरनेही घेतला. बार्शीने मात्र त्या भांडणात फारसा आवाज केला नाही. दोन गावे गाडीतल्या जागांसाठी भांडत असताना तिसऱ्याला कोणी विचारत नाही.

पुण्यासाठी हरंगुळ–पुणे ही दिवसाची गाडी 2023 पासून धावते. ती सकाळी पुण्याहून निघते आणि दुपारी हरंगुळहून परत फिरते. हरंगुळ हे लातूरला लागून असलेले स्थानक आहे आणि रेल्वेच्या डब्यांचा नवा कारखानाही त्याच परिसरात आहे. ही गाडी बार्शीच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडते, कारण पुण्याच्या खासगी बसचे भाडे सणासुदीला कोठल्या कोठे जाते. याशिवाय हैदराबादकडची गाडी, कोल्हापूर–नागपूर, आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आणि मिरज–परळी ही सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी या मार्गावरून जातात. आपल्या गावातून झारखंडला थेट गाडी जाते हे ऐकून जुन्या बार्शीकरांना अजूनही हसू येते. वेळा अधूनमधून बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

या गाड्यांतून उतरणाऱ्यांमध्ये एक वर्ग असा आहे, की ज्याचा उल्लेख केल्यावाचून हे स्थानक समजत नाही. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि धाराशिव, लातूर, बीडकडचे रुग्ण तेथे येतात. पहाटेच्या गाडीतून हातात क्ष-किरणाचे मोठे पाकीट आणि काखेत सतरंजी घेऊन उतरणारी दोन-तीन माणसे फलाटावर हमखास दिसतात. दवाखान्याची खिडकी उघडायला वेळ असतो, म्हणून ती बाकावरच थांबतात. रिक्षावाले त्यांना ओळखतात. “मामा, उजाडू द्या, मग सोडतो” असे सांगून स्वतःही चहा घेत बसतात.

2016 च्या उन्हाळ्यात या मार्गाने जे काम केले, ते कॅलथ्रॉपच्या हिशेबात कोठेच नव्हते. लातूर शहरातले पाणी संपले होते. मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी पाठवायचे ठरले आणि 12 एप्रिल रोजी पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा तिचा 342 किलोमीटरचा प्रवास म्हणजे नावापुरता बदललेला जुना बार्शी लाईटचाच मार्ग होता. अडीच फुटांचे रूळ तसेच राहिले असते तर हे पाणी मिरजेतच छोट्या वाघिणींत भरावे लागले असते आणि एवढे पाणी त्या वाघिणींनी ओढलेही नसते. गेज परिवर्तनाबद्दल कुरकुर करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे कबूल केले पाहिजे. आमच्या गावातही त्या वर्षी नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येत होते. पाण्याने भरलेली ती लांबलचक गाडी स्थानकातून न थांबता पुढे जाताना पाहून फलाटावरची माणसे गप्प होत, आणि एखादा म्हणे, “एक डबा हितं सोडा की.”

आता पुढच्या काळाविषयी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे. कचेरीची, कोर्टाची आणि विद्यापीठाची कामे सोलापूरला असतात. तरीही बार्शीहून सोलापूरला रेल्वेने जायचे तर कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलावी लागते, आणि ती जुळली नाही तर तेथे तासभर बसावे लागते. त्यामुळे बहुतेक सगळे लोक सत्तरेक किलोमीटरच्या रस्त्याने एसटीनेच जातात. दुसरीकडे सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला आहे आणि 2019 मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. तुळजापूरला रेल्वे जावी ही मागणी जुनी आणि रास्त आहे. पण तो पूर्ण झाल्यावर धाराशिव हे जंक्शन होईल, लातूरकडून सोलापूरला आणि दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांना कुर्डुवाडीचा वळसा घेण्याची गरज उरणार नाही, आणि मग बार्शीवरून जाणाऱ्या गाड्यांत भर पडण्याऐवजी काही गाड्या वळण्याचीच शक्यता अधिक.

त्यावर बार्शीकरांच्या बहुतेक निवेदनांत लांब पल्ल्याच्या आणखी एखाद्या गाडीला थांबा मागितलेला असतो. मला वाटते मागणी वेगळी असायला हवी. कुर्डुवाडी आणि बार्शी यांच्यामध्ये दिवसातून चार-पाच वेळा येजा करणारी, सोलापूर आणि पुण्याच्या गाड्यांशी वेळ जुळवून घेणारी लहान गाडी मागावी. विजेच्या तारा आहेत, स्थानके आहेत, मधल्या शेंद्रीसारख्या गावांना प्रवासी आहेत, आणि पस्तीस किलोमीटरला आता पाऊण तासही लागणार नाही. 1897 मध्ये या गावाने जी गाडी मिळवली होती ती नेमकी हीच होती, फक्त तेव्हा तिच्या वेळा मेल गाडीशी जुळवण्याची काळजी कंपनी घेत असे, कारण तिचा सगळा धंदाच त्या जुळण्यावर अवलंबून होता.